फुटाला एक सूत

इंगवल्यांची खरी कट्यार
थोरल्या घरच्या कपाटात आहे
आणि थोरल्या घराशी यांचं बोलणं
विहिरीच्या वाटणीपासून बंद.
म्हणून अक्काताई माझ्याकडे आल्या.
"लाकडाची चालंल, मिस्त्री.
लांबनं खरी दिसली म्हंजे झालं.
धैर्यशीलच्या हातात काय तरी पायजे की."

एकतीस वर्षं मी उद्यमनगरात पॅटर्न केले.
लोकांना वाटतं, पंप लोखंडाचा असतो.
पंप आधी सागवानाचा असतो,
माझ्या रंध्याखाली.
मग वाळूत त्याची नुसती पोकळी उरते,
सादिक मुल्लाणी तिच्यात रस ओततो,
आणि लाकूड पुसून परत फळीवर.
आयुष्यभर लाकडाचं लोखंड केलं.
लोखंडाचं लाकूड कर, असं
पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

रविवारी नव्या राजवाड्यावर गेलो.
काचेआड कट्यारी ओळीनं निजलेल्या.
एकीवर वाघ, एकीवर वेल,
एकीवर काहीच नाही.
ती मला पटली.
काचेवर वीत टेकवली तर पहारेकरी म्हणाला,
"ओ काका, हात."
मग डोळ्यांनीच मोजली.
पातं निमुळतं होत होत जातं
आणि अगदी टोकाशी पुन्हा जाड.
"चिलखत फोडायला," तोच म्हणाला,
जांभई आवरत.

बंद पडलेल्या फौंड्रीच्या लिलावातला
एक पॅटर्न होता माळ्यावर.
वरून लाल रंग, सांध्यांत काळी वाळू.
तो करवतीखाली घेतला.
आतलं सागवान अजून पिवळं, तेलकट,
आणि वास असा सुटला
की बायको आतून म्हणाली,
"कामावर निघालाय व्हय?"

पातं सोपं गेलं.
मधली शीर पटाशीनं उठवली,
फुटक्या बरणीच्या काचेनं खरवडली,
जवसाचं तेल तीनदा.
मूठ मात्र दोनदा तुटली.
मुठीच्या दांड्या आडव्या,
लाकडाच्या रेषा उभ्या,
आणि रेषेला आडवं गेलेलं
लाकूड फार वेळ सोसत नाही.
लोखंडाचं बरं असतं, त्याला रेषाच नसतात.
तिसऱ्यांदा दांड्या वेगळ्या केल्या,
कुसू काढून भोकात ठोकल्या,
सरस लावून रात्रभर सुतळीनं आवळल्या.

सकाळी सहज टेप लावला.
फूटभर हवी होती.
एक सूत जास्त.
पट्ट्यांच्या डब्यातून हातानं
मला न विचारता
पॅटर्नची पट्टी उचलली होती,
जिच्यावरचा प्रत्येक फूट
फुटापेक्षा सुतानं मोठा असतो,
कारण लोखंड निवताना आकसतं
आणि तेवढी जागा त्याला आधीच द्यावी लागते.

म्हणजे मी केली होती
अजून ओतायची राहिलेली कट्यार.

कानस घेतली.
थोडा वेळ धरून बसलो.
परत खिळ्याला अडकवली.

लग्नात लिंबू काही केल्या टोचेना.
जाड टोक मी इमानानं जाडच ठेवलेलं.
पहिलं लिंबू उकललं, गाद्यांखाली घरंगळलं.
दुसऱ्याला कार्यालयाच्या वायरमननं
स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडून दिलं.
थोरल्या घरचं कोणी आलं नव्हतं.
अक्काताई तीनदा दारापर्यंत जाऊन आल्या,
तीनदा म्हणाल्या, चपला बघत होते.

जेवणाच्या पंगतीआधी
सादिकनं ती धैर्यशीलच्या हातातून मागून घेतली.
उलटी केली, सुलटी केली,
एक डोळा मिटून शिरेवरून नजर टाकली,
जशी पॅटर्नवर टाकायचा
साचा धरण्याआधी.
"मिस्त्री, सूत जादा हाय."
मी म्हणालो, असू दे.
"ओतायची हाय काय?"

लिंबाचा रस शिरेवरून
मुठीकडे उतरत होता.
त्यानं अंगठ्यानं पुसला,
अंगठा चाटला,
आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.